दुधाचा खाडा मांडतो तसा पाखराचाही मांडा

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, तुमच्याकडे हिवाळी पाहुणे कधी उतरले ते कळवा म्हणून, आणि एवढी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मेसेज आले की वाचता वाचता दोन रविवार गेले. आनंद वाटला खरंच. बहुतेकांच्या मनात घोळतंय ते एकच, की पक्ष्यांच्या यायच्या तारखा हवामान बदलामुळे सरकल्यात का, आणि आमच्यासारख्या साध्या माणसांनी काही लिहून ठेवलं तर त्याचा कुणाला उपयोग होतो का. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला. काही उत्तरं लांबलीत, पण ती लांबायलाच हवी होती.

प्रश्न : ताई, आमच्या गच्चीवर दरवर्षी करडा धोबी येतो. गेल्या वर्षी १८ सप्टेंबरला पहिला दिसला, यंदा ९ सप्टेंबरलाच हजर. नऊ दिवस लवकर! हा क्लायमेट चेंजच ना? ग्रुपवर फोटो टाकला तर सगळ्यांनी हो म्हटलं. (कोथरूड, पुणे)

फोटो झकास आलाय. टाकीच्या गळक्या नळाखाली ओल साचलीय, त्या ओलीच्या काठाकाठाने तो चाललाय, पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळं, आणि शेपटी इतकी हलतेय की फोटोत नुसती पुसट रेघ आलीय. म्हणजे ओळख बरोबर आहे. हे आधी सांगते कारण पुष्कळ जण काळ्या-पांढऱ्या मोठ्या धोब्याचा फोटो पाठवतात आणि "पाहुणा आला" म्हणतात, तो आपल्याकडे बारा महिने असतो, त्याच्या येण्याजाण्याची तारीख नसतेच.

आता नऊ दिवसांचं. नाही हो, एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. दोन ठिपके दिले की त्यातून हवी तशी रेघ काढता येते. गेल्या वर्षी तुम्ही १७ तारखेला, १५ ला, १२ ला गच्चीवर गेला होतात का? की मुलीची परीक्षा होती आणि आठवडाभर वर जाणंच झालं नव्हतं? धोबी कदाचित तेव्हाही ९ लाच आला असेल, तुम्ही १८ ला भेटलात त्याला. ही त्याच्या येण्याची तारीख नाही, तुमच्या बघण्याची तारीख आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

दुसरा घोळ यापेक्षा मोठा. समजा गावात पाडाला लागलेला पहिला आंबा कधी सापडला याची नोंद ठेवायचीय. एका वर्षी एकटा पोरगा झाडांखाली हिंडला आणि पुढच्या वर्षी अख्खी शाळा सोडली, तर दुसऱ्या वर्षी पहिला आंबा लवकर सापडणारच, झाड तेच, हवा तीच, नुसते डोळे वाढले. पक्ष्यांचंही तेच झालंय. वीस वर्षांपूर्वी पुण्यात पक्षी बघणारे मोजके होते, आता प्रत्येक टेकडीवर दुर्बिणी दिसतात, त्यामुळे "शहरातला पहिला धोबी" दरवर्षी थोडा लवकर सापडणार आणि कुणालाही वाटेल पक्षी लवकर यायला लागले. त्यात रविवारचा परिणाम वेगळाच, लोक सुट्टीला बाहेर पडतात म्हणून पहिल्या नोंदी शनिवार-रविवारी जास्त पडतात, पक्ष्याला वार कुठे कळतो.

म्हणून अभ्यास करणारे एकट्या पहिल्या तारखेवर भिस्त ठेवत नाहीत. ते विचारतात, या आठवड्यात या भागातल्या जेवढ्या लोकांनी दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी केली, त्यातल्या किती याद्यांत धोबी होता? समजा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शंभर याद्यांपैकी तीनमध्ये, दुसऱ्यात पंधरामध्ये, तिसऱ्यात चाळीसमध्ये. मग याद्या शंभर असोत की हजार, प्रमाण बघता येतं, आणि हा चढ वर्षानुवर्षं अलीकडे सरकतोय का तेही बघता येतं. पण हे जमायचं तर ज्या याद्यांत धोबी *नाही* त्याही हव्यात.

आणि इथेच लोक कंटाळा करतात. दिसला की लिहितात, नाही दिसला की लिहीत नाहीत. मला इथे माझ्या आईचं कॅलेंडर आठवतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाचा खाडा मांडायची, दूध आलं त्या दिवशी काही नाही, नाही आलं त्या दिवशी चौकोनात फुली, आणि महिनाअखेरीला अख्खा हिशोब त्या फुल्यांवर. तुम्ही तसंच करा. ऑगस्टच्या १५ तारखेपासून रोज सकाळी त्याच वेळी पंधरा मिनिटं गच्चीवर, दिसला तर टिक, नाही दिसला तर फुली, गेलाच नाहीत तर चौकोन कोरा. कोरा आणि फुली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुली म्हणजे "बघितलं, नव्हता", कोरा म्हणजे "बघितलंच नाही". अशी पाच-सात वर्षांची कॅलेंडरं झाली की तुमची एकट्याची गच्चीसुद्धा काहीतरी बोलायला लागेल.

प्रश्न : माझी आजी म्हणायची, धोबी गणपतीत येतो आणि गौरीचं जेवण जेवून जातो. २०२३ ला खरंच गणपतीत दिसला. २०२५ ला मात्र गणपती विसर्जन झालं तरी पत्ता नाही. पक्षी उशिरा यायला लागलेत का? (तासगाव)

तुमच्या आजीचं निरीक्षण पक्कं होतं, पण तिचं घड्याळ चंद्राचं होतं. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, आणि २०२५ मध्ये थेट २७ ऑगस्टला. म्हणजे धोबी दरवर्षी अगदी एकाच दिवशी आला असता तरी गणपतीच्या हिशोबाने तो एका वर्षी वेळेवर आणि एका वर्षी तीन आठवडे उशिरा ठरला असता. पाखरू अधिक मास पाळत नाही, त्याला सूर्य कळतो, दिवस किती लांबीचा आहे ते कळतं.

आपल्याकडच्या जुन्या आठवणी बऱ्याचदा सणांना बांधलेल्या असतात, "दसऱ्याला आले", "दिवाळीत तळं भरलं होतं बदकांनी". त्या टाकून देऊ नका पण सोबत सालही विचारा, साल मिळालं की जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते, साल नसेल तर मात्र महिनाभराची चूक पोटात घेऊन चालावं लागतं. शेतकऱ्यांची नक्षत्रं त्या मानाने भरवशाची. मृग म्हटलं की ७-८ जून, हस्त म्हटलं की सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, ही सूर्याची नक्षत्रं आहेत, जवळजवळ हलत नाहीत. कुणी म्हातारा माणूस "हत्तीच्या पावसात चक्रवाक उतरले" असं सांगत असेल तर कान देऊन ऐका आणि लगेच लिहून घ्या.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. चातक पावसाची वर्दी देतो असं मुलांना सांगतो आपण. पाऊसच आता आधी-मागे होतोय, मग चातक काय करतो? शाळेला यावर काही करता येईल का?

बाई, किती छान प्रश्न विचारलात, यावर मी रात्रभर बोलू शकते.

आधी थोडं चातकाबद्दल. बुलबुलापेक्षा मोठा, काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, लांब शेपूट. तो फक्त पावसाचे थेंब पितो हे काव्यातलं, प्रत्यक्षात सुरवंट आणि किडे खातो, चांगला पोट भरून. दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेत चातक वर्षभर असतात, पण आपल्याकडे नि उत्तरेत येणारे चातक मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतात, समुद्र ओलांडून. मादी स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, म्हणजे पाऊस पडून सुरवंट झाले पाहिजेत आणि त्याच वेळी सातभाईंची घरटी लागलेली पाहिजेत, या सगळ्या जुळणीत त्याचं यायचं गणित.

मागच्या काही वर्षांत निसर्गाने आपल्यासमोर एक प्रयोगच मांडून ठेवलाय. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला पोचला, त्या दिवशी दिल्लीतही पोचला. आणि २०२५ मध्ये २६ मे लाच मुंबईत, एवढ्या लवकर यायची नोंद आधी कधी नव्हती. दोन वर्षांत मिळून एक महिन्याचा फरक! चातक जर वाऱ्यावर आणि पावसावर येत असेल तर त्याच्या तारखाही अशाच मागेपुढे व्हायला हव्यात, आणि तो जर दिवसाच्या लांबीवर निघत असेल तर पाऊस कधीही येवो, तो आपला ठरल्या सुमाराला येणार. हे कुणी लॅबमध्ये बसून नाही सांगू शकत, हे गावोगावी कान लावून बसलेल्या माणसांच्याच नोंदीतून कळतं. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेने २००७ मध्ये मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू केला तो याचसाठी, देशभरातल्या लोकांनी पाहुण्या पक्ष्यांच्या तारखा कळवायच्या, त्यात चातकाची वेगळी मोहीमसुद्धा झाली. पुढे त्या नोंदी ई-बर्डमध्ये, म्हणजे जगभरातले लोक आपल्या पक्षीनोंदी जिथे टाकतात त्या वेबसाइटमध्ये, सामावल्या.

शाळेने काय करायचं : २० मे पासून चातक वही. सुट्टी असते म्हणून मुलांना घरूनच करू द्या, प्रत्येकाने आपल्या घराजवळची एक ठरावीक जागा घ्यायची, सकाळी पंधरा मिनिटं, आणि रोज एक ओळ, "ऐकला / दिसला / नाही". त्याची हाक एकदा ओळखता आली की झालं, पिऊ-पिऊ अशी चढती, लांब जाणारी, बघण्याआधी ऐकूच येतो बहुतेक वेळा. सोबत पावसाची नोंद, सरळ काठाचा डबा अंगणात ठेवून पट्टीने मोजलं तरी चालेल. आणि जूनच्या शेवटी सातभाईंच्या थव्यावर लक्ष ठेवा, एखाद्या दिवशी बाभळीत त्यांचा नुसता कल्ला चाललेला असेल, सात-आठ जण पंख पाडून एका काळ्या-पांढऱ्या पक्ष्याच्या मागे लागलेले असतील, तर ती नोंद तारखेसकट लिहा. मुलं ते दृश्य विसरणार नाहीत. एक विनंती मात्र, मोबाइलवर चातकाचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, तो घाबरून हद्द राखायला धावत येतो, आणि नोंदही खोटी होते कारण आपणच त्याला आणलेलं असतं.

प्रश्न : आता सॅटेलाइट टॅग आहेत, रडार आहेत. मग हौशी लोकांच्या चुकीमाकीच्या नोंदींवर शास्त्र कसं उभं राहतं? मी स्वतः इंजिनिअरिंगला आहे, मला हे पटत नाही. (नाशिक)

टॅग हवेतच. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० मध्ये दोन चातकांना टॅग लावले होते, आणि एक पक्षी नेमका कुठून कुठे जातो हे टॅगशिवाय कळत नाही. पण दोन पक्षी म्हणजे दोन पक्षी. टॅग महाग, आणि धोबी, वटवट्या असल्या चिमुकल्या पक्ष्यांना वजनामुळे लावायलाही अवघड. सगळ्या देशात, सगळ्या तळ्यांवर, एकाच आठवड्यात काय चाललंय हे बघायला माणसंच लागतात.

चुकांचं म्हणाल तर त्या होतात, नाकारायचं कशाला. त्यासाठी चाळण्या आहेत. ई-बर्डवर तुम्ही जुलैमध्ये नांदूर मधमेश्वरला पाचशे थापट्या (ही हिवाळ्यात येणारी बदकं) टाकल्या तर ॲप लगेच अडवतं, "या महिन्यात एवढे? खात्री आहे का?", आणि मग जाणकार माणूस, तोही स्वयंसेवकच, तुम्हाला मेल करून फोटो मागतो, वर्णन मागतो. त्यातूनही काही चुका सुटतात, पण त्या सगळ्या एकाच दिशेला नसतात, कुणी दोन दिवस अलीकडे चुकतं कुणी पलीकडे, नोंदी हजारांत गेल्या की त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. खरा धोका आहे तो एकाच दिशेने ओढणाऱ्या चुकीचा, म्हणजे वरचा तो आंब्याचा किस्सा, डोळे वाढल्यामुळे तारखा अलीकडे दिसणं. तिचा हिशोब करायचा म्हणून तर यादीत किती वेळ, किती अंतर, किती जण हे विचारतात. लोक ते रकाने रागारागात भरतात, पण तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला कळेल की मोजमापासोबत मोजायला किती श्रम लागले ते नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही.

आणि हे चालतं हे दिसलंय. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून जास्त लोकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे, ९४२ जातींचा लेखाजोखा आहे त्यात. एवढ्या नोंदी पगारी माणसांकडून जमवायच्या तर कुठल्याही संस्थेला परवडल्या नसत्या. तरी एक उणीव आहे जी मला सलते, याद्या पुण्या-मुंबईच्या ढिगाने आणि हिंगोली, वाशीम, नंदुरबारकडून मोजक्या. तुम्ही नाशिकचे, जरा सुरगाणा-पेठकडे जात जा.

प्रश्न : समजा पक्षी चार-आठ दिवस लवकर किंवा उशिरा आला. बिघडलं काय? (ठाणे)

आपल्याला काही बिघडत नाही, त्याच्या पिल्लांचं बिघडतं.

नेदरलँड्समधली गोष्ट सांगते, ती वर्षानुवर्षं लाकडी पेट्यांतली घरटी तपासून कळलेली आहे. तिथे एक छोटा काळा-पांढरा माशीमार पक्षी असतो, थंडी पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात परत येऊन ओकच्या जंगलात पिल्लं घालतो. पिल्लांचं खाणं म्हणजे सुरवंट, आणि सुरवंटांचा सुकाळ वर्षात थोडेच आठवडे असतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तिथला वसंत गरम होत गेला, ओकला पालवी लवकर, म्हणून सुरवंटही लवकर. पण हा पक्षी आफ्रिकेत बसलेला, त्याला हजारो किलोमीटर दूरच्या वसंताची खबर कोण देणार, तो निघतो तो दिवसाच्या लांबीवर, आणि ती काही बदललेली नाही. त्याने आल्याआल्या घाई करून अंडी थोडी लवकर घातली, तरी पुरलं नाही. पिल्लं तोंड उघडून बसली तेव्हा पंगत उठून गेलेली. जिथे सुरवंट सगळ्यात आधी संपायचे तिथे या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली.

सगळ्याच पक्ष्यांचं असं होत नाही. ब्रिटनमधल्या पाकोळ्या १९६० च्या दशकाच्या मानाने सुमारे १५ दिवस आधी परत येतात असं तिथल्या स्वयंसेवकांच्या नोंदी सांगतात, म्हणजे काही जातींना सरकता येतं. साधारणपणे जवळून येणाऱ्याला पुढची हवा कळते आणि तो जुळवून घेतो, लांबून येणारा जुन्या वेळापत्रकावर अडकतो. आता आपले पाहुणे आठवा, ठाण्याच्या खाडीतले तुतवार कुठून येतात, पार सायबेरियातून. त्यांचं घरटं तिकडे, आपल्याकडे ते खायला आणि विसावायला येतात. तिकडचा बर्फ लवकर वितळायला लागला आणि इकडचा पाऊस लांबायला लागला तर दोन्हीकडून कात्री. पाऊस लांबतोय म्हणते ते अंदाजाने नाही, हवामान खात्याने २०२० मध्ये सरासरी तारखा नव्याने काढल्या तेव्हा मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. पाऊस लांबला की जलाशय तुडुंब, काठाचा चिखल पाण्याखाली, आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्याला उतरायला जागा नाही. खाडीत भरती-ओहोटी आहे, तिथे भागतं, उजनीसारख्या धरणावर पाणी ओसरायची वाट बघावी लागते. म्हणून धरणाकाठच्या लोकांनी पक्ष्याच्या तारखेबरोबर पाण्याची पातळीही लिहा.

प्रश्न : यायची तारीख कळते, जायची कशी लिहायची? (चंद्रपूर)

शेवटचा दिवस हा शेवटचा होता हे नंतरच कळतं, त्या दिवशी कुणी निरोप घेत नाही. म्हणून मार्चपासून रोज किंवा एकाआड एक दिवस टिक-फुली चालू ठेवायची, आणि ओळीने दहा-बारा फुल्या पडल्या की मागे जाऊन शेवटची टिक बघायची. लोक ऑक्टोबरमध्ये उत्साहाने लिहितात आणि उन्हं तापली की थांबतात, त्यामुळे जाण्याच्या नोंदी फार कमी आहेत. तुमच्याकडे ऊन काय असतं ते माहितेय मला, सकाळी साडेसहाला लिहा पण लिहा.

प्रश्न : माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यात शेती करायचे. त्यांच्या १९७१ ते १९९३ च्या डायऱ्या माळ्यावर सापडल्या. पाऊस, पेरणी, बाजारभाव, आणि मध्येमध्ये भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, कधी आल्या त्याच्या नोंदी. काही पानांचे फोटो पाठवतोय. रद्दीत द्यायचं आईच्या मनात आहे. याचा काही उपयोग आहे का?

आईंना माझा नमस्कार सांगा आणि रद्दीवाल्याला आजच्या आज परत पाठवा. हात जोडून सांगते.

इंग्लंडमध्ये नॉरफोक भागात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, पहिली पाकोळी, पहिली कोकिळा, झाडांची पालवी. तो गेल्यावर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी १९५८ पर्यंत लिहिलं. दोनशे वर्षांहून जास्त! लिहिताना त्यांच्या मनात हवामान बदल नव्हता, पण आज तो बघायचा तर त्यांच्या वह्या उघडाव्या लागतात. अमेरिकेत वेल्स कुक नावाच्या शिक्षकाने १८८१ मध्ये ओळखीपाळखीच्या लोकांना कार्डं पाठवून पक्षी कधी आले ते विचारायला सुरुवात केली, पुढे ते सरकारी काम झालं आणि १९७० पर्यंत चाललं, जवळपास ६० लाख कार्डं जमली. नंतर ती किती वर्षं कपाटांत पडून. २००९ पासून घरोघरचे स्वयंसेवक त्या कार्डांचे स्कॅन बघून एक एक अक्षर कॉम्प्युटरवर चढवायला लागले. त्या कार्डावर पहिल्यांदा कधी दिसला याबरोबर पुन्हा कधी दिसला, सगळीकडे कधी दिसायला लागला, शेवटचा कधी, असे रकाने होते, म्हणजे वाट चुकून आलेला एखादा आणि खरा थवा यातला फरक त्यांना तेव्हाच कळला होता.

आपल्याकडे लोकांच्या नोंदींतून तारखा जमवायचं काम देशभर सुरू झालं २००७ मध्ये. हवामानाचं काही बोलायचं तर निदान तीस वर्षांचा पल्ला धरतात. म्हणजे आपली मालिका अजून भरलेलीच नाही, आणि तुमच्या माळ्यावर त्याच्याही आधीची तेवीस वर्षं पडून आहेत, एकाच माणसाच्या हातची, एकाच शिवारातली.

तुम्ही पाठवलेलं १९८३ चं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. "२ ऑक्टो. भोरड्या नाहीत. ३ ऑक्टो. नाहीत. तुरीला फूल. ४ ऑक्टो. नाहीत. ५ ऑक्टो. आल्या, शेदीडशे, वेशीच्या लिंबावर मुक्काम." आजोबांनी खाडा मांडलाय! भोरड्या येणार, पुढे शाळूला कणीस लागलं की उतरणार, शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन पोरं बसवावी लागणार, म्हणून ते वाट बघत होते आणि रोज बघत होते. रोज बघणाऱ्याची तारीख आहे ही, तिचं मोल वेगळं.

आता काय करायचं ते सांगते. प्रत्येक पानाचा उजेडात सरळ फोटो घ्या, पक्षी नसलेल्या पानांचाही, कारण पाऊस-पेरणीच्या रोजच्या नोंदी असल्या म्हणजे त्या दिवशी आजोबा गावात होते आणि लिहीत होते हे सिद्ध होतं. उतरवून घेताना त्यांचे शब्द बदलू नका, भोरड्या तर भोरड्याच लिहा, शेदीडशे तर शेदीडशेच. तिथी असेल तिथे तिथीही ठेवा आणि शेजारी काढलेली तारीख लिहा. ई-बर्डवर जुन्या तारखांच्या नोंदी टाकता येतात, पक्ष्यांची नावं मराठीतही दिसतात, पण वेळ-अंतर माहीत नसेल तर तसं सांगून टाका, अंदाजे भरू नका.

तुम्ही लिहिलंय की ७२ च्या दुष्काळातल्या पानांवर भोरड्यांचं काहीच नाही. त्यावरून त्या वर्षी भोरड्या आल्या नाहीत असं लगेच धरू नका. त्या वर्षी गावंच्या गावं दुष्काळी कामावर होती, खडी फोडायला, आजोबाही असतील तर पान कोरं आहे ते पाखरू नव्हतं म्हणून नाही, बघायला माणूस नव्हता म्हणून. गावात त्यांच्या वयाचं कुणी असेल तर विचारून घ्या, लवकर विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात राहिलीय. तो वेशीचा लिंब अजून उभा आहे का? यंदापासून तुम्ही लिहिणार म्हणालात, तर त्याच झाडाखालून लिहिता आलं तर आजोबांच्या तारखांशी तुमच्या तारखा थेट लावता येतील, आणि झाड गेलं असेल, थवा आता कॅनॉलच्या बाभळींवर बसत असेल, तर तसं पहिल्या पानावर स्पष्ट लिहावं लागेल, जुनी जागा, नवी जागा, मधलं अंतर. तेवढं बघून कळवा.